जयाबेनचा डाव

शुक्रवार, ट्रक धुऊन झाल्यावर

आज आमच्या फूड ट्रकपुढे इतकी रांग, की सेवउसळ साडेसातलाच संपली. तरी मन त्या डावातच अडकलंय. कांदा-लसूण नसलेल्या जैन उसळीचं पातेलं वेगळं, डाव वेगळा, हा नियम माझाच. आणि गर्दीत मीच लसणाच्या रश्श्यातला डाव त्यात बुडवला! लक्षात येताच पातेलं ओतून दिलं, पण आमच्या नेहमीच्या जैन गिऱ्हाईक जयाबेन डबा घेऊन गेल्या होत्या. नवरोबा म्हणाले, "कुणाला कळणारे?"

मला कळलं होतं ना?

जयाबेन दिवस मावळायच्या आत जेवतात. स्कूटर काढली, कारेलीबागेत त्यांच्या दारात धापा टाकत सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता त्यांच्या सोसायटीतली सगळी गिऱ्हाइकं हातची गेली. त्यांनी न उघडलेला डबा परत दिला. चेहरा कडक. मग आतून स्वतःचा पितळी डाव आणला. "लो बेन, अमारा माटे आ ज वापरजो. काले आठ डब्बा." म्हणजे त्यांच्यासाठी हाच डाव वापरायचा.

उद्या आठ डबे! आणि मी केवढी घाबरले होते?

परत आले आणि डाव नवरोबांच्या हातात दिला. आत्ता पाहिलं, ट्रकमध्ये त्यांनी त्या डावासाठी वेगळा खिळा ठोकलाय.