एकोणतीस तारखेपर्यंतचा आवाज

३ मार्च, सोमवार

पोस्टर लागलं एकदाचं दुकानाच्या काचेवर. चार शनिवार, चार लेखक. अक्षर माझं, खळ माझी, स्टुलावर चढणं माझं. ह्यांचं काम काय? रस्त्याच्या पलीकडे उभं राहून बघायचं आणि तिसरी ओळ घसरलीय म्हणून हाताने दाखवायचं. घसरू दे. पुस्तकं वाचणाऱ्यांना घसरलेली ओळसुद्धा वाचता येते.

एकोणतीसला कादंबरीकार येणार! जो माणूस कुठल्या सभेला जात नाही, कुणाला मुलाखत देत नाही, तो आमच्या एवढ्याशा दुकानात येणार. हे वर्षानुवर्षं त्यांच्या मागे लागलेले. होकार आल्यापासून ह्यांचे पाय जमिनीवर नाहीत.

पद्धत नेहमीचीच. लेखकाने आल्या आल्या बोलायचं नाही. पहिल्या रांगेत लोकांत बसायचं. पंखे बंद करायचे. मग हे उभं राहून त्याच्या पुस्तकाचं पहिलं पान वाचणार, आणि त्यानंतर लेखक उठणार. आपलंच लिहिलेलं आज पहिल्यांदा ऐकलं, असं कितीजणांनी मला सांगितलंय. मी मागे चहाच्या थर्मासपाशी उभी असते. मीही ऐकते. हे मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही.

ह्यांचा आवाज अजून बसलेलाच आहे. दिवाळं निघालेल्या गिरणीच्या भोंग्यासारखा, असं मी चिडवते. उद्या तपासणीचा रिपोर्ट.

४ मार्च, मंगळवार

कॅन्सर. स्वरयंत्राचा.

शब्द लिहून बघितला. लिहिल्यावरही तेवढाच आहे.

घशाचे डॉक्टर तरुण आहेत, सरळ बोलतात. स्वरयंत्र काढावं लागेल म्हणाले. सगळंच. श्वासासाठी गळ्याला कायमचं छिद्र. जगतात माणसं, चांगली जगतात. पण हा आवाज परत येणार नाही. पुढच्या बुधवारी ऑपरेशन करू.

ह्यांनी रिपोर्टाची घडी घातली. मग म्हणाले, "एकोणतीसनंतर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. असल्या गोष्टीत थांबू नये म्हणाले, मी तुम्हाला थांबा म्हणून सांगणार नाही. ह्यांनी मान डोलावली. ऐकून घेतलं असा त्याचा अर्थ, पटलं असा नाही. ही मान मला पाठ आहे. डॉक्टरांना नव्हती.

मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी पिशवीत चष्म्याचं घर शोधत बसले.

५ मार्च, बुधवार

लेकीचा फोन. बाबांवर ओरडून झालं, मग माझ्यावर. बाबांचं डोकं फिरलंय ते समजू शकते, म्हणाली, पण आई, तू पण?

मी म्हटलं, त्यांचा हट्ट तुला माहीत नाही का. खरं आहे. पण अर्धंच खरं. मलाही ते पान ऐकायचंय! लेकीला हे कसं सांगू? आयुष्यभर ज्या आवाजाने मला फक्त "चावी कुठेय" आणि "मीठ कमी आहे" एवढंच ऐकवलं, तो चार पाहुण्यांसमोर उभा राहिला की कसा होतो ते ऐकायचंय. अजून एकदा.

हावरट बाई आहे मी.

८ मार्च, शनिवार

पहिला कार्यक्रम पार पडला. प्रवासवाले लेखक. चाकांची टेबलं भिंतीला लावली, शेजारच्या चष्मेवाल्याकडून खुर्च्या आणल्या, माइकने नेहमीसारखी शिट्टी मारली.

पान छान झालं. आवाज खरखरीत, पण त्या खरखरीतही काहीतरी होतं. लोकांना वाटलं सर्दी. वाटू दे.

त्यानंतर प्रवासवाल्यांनी एकच बर्फाळ डोंगर दीड तास चढला. आमचे सगळे श्रोते दमले. हे माझ्याकडे बघून हसले तेव्हा मला क्षणभर काही आठवलं नाही. मग आठवलं.

१० मार्च, सोमवार

घरात शांतता. डॉक्टरांनी आवाजाला विश्रांती द्या म्हटलं होतं, त्याचा ह्यांनी अर्थ लावला की घरी बोलायचंच नाही. सगळा आवाज शनिवारसाठी राखून! लेकीची लहानपणची पाटी माळ्यावरून काढलीय. "चहा." "पेपर." "दार लाव."

म्हणजे दुकानात येणाऱ्या अनोळखी माणसांना आवाज, आणि मला खडू.

पाटीवाल्या माणसाशी भांडताही येत नाही. मी एक वाक्य फेकते, मग हे वाकून उत्तर लिहीत बसतात. लिहून होईपर्यंत माझा राग थंड झालेला. आज तर उत्तर लिहून, शुद्धलेखन सुधारून मग पाटी दाखवली. मला हसू आलं. मग मोरीत जाऊन रडले.

१५ मार्च, शनिवार

कवयित्री. कविता बारा ओळींची, त्यामुळे पान लवकर संपलं. मला आणखी हवं होतं. तिला कळलं असावं. जाताना माझा हात धरून म्हणाली, ह्यांना सांभाळा. कुणी सांगितलं हिला? कुणीच नाही म्हणे. कविता वाचताना हे भलत्याच ठिकाणी श्वास घेत होते, ते तिने ऐकलं होतं.

१९ मार्च, बुधवार

लेक आली, रजा टाकून. येताना चांगला रेकॉर्डर घेऊन आलीय. बाबा, रोज थोडं वाचा, ठेवू या जपून. पुढे माझी मुलं ऐकतील.

ह्यांनी पाटीवर लिहिलं: "बाटलीत भरायला मी काय खोकल्याचं औषध आहे?"

ती हसली नाही. मीही नाही. जेवणं तशीच झाली. ह्यांना गिळायला त्रास होतोय हे आज तिघांनीही पाहिलं आणि तिघांनीही भात मऊ झालाय की नाही यावर चर्चा केली. म्हणजे दोघींनी केली.

२२ मार्च, शनिवार

तिसरा कार्यक्रम रद्द. लेखिकेच्या सासूबाई पडल्या. काचेवर चिठ्ठी लावली, तरी आठ-दहाजण आलेच, चहा पिऊन गेले.

हे खूश! पाटीवर: "एक पान वाचलं." म्हणजे खर्ची पडायचं वाचलं. कंजूस वाण्यासारखा आनंद.

माझा मात्र तोल गेला. अहो, आज काहीच नव्हतं. गेल्या आठवड्यातही एक बारा ओळींची कविता होती. एवढ्यासाठी आपण थांबलोय का? आत्तापर्यंत ऑपरेशन होऊन घरी आला असतात. ह्यांनी खडू उचलला आणि परत ठेवला. तेच जास्त लागलं.

२५ मार्च, मंगळवार

सकाळी बेसिनमध्ये रक्त. ह्यांनी नळ सोडून घालवलं, पण कडेला राहिलं होतं.

म्हटलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे चला. पाटीवर एकच शब्द: "शनिवार." मी पदराने पुसला. ह्यांनी परत लिहिला. मी परत पुसला. तिसऱ्यांदा लिहिताना खडू मोडला, उरलेल्या तुकड्याने शब्द पुरा केला, मग मी नाही पुसला.

२९ मार्च, शनिवार

झालं. कसं झालं ते लिहिते, नीट, क्रमाने.

दुकान खच्चून भरलं. लोक कपाटांच्या मधे, दाराबाहेर पायरीवर, चष्मेवाला स्वतः स्टुलावर. कादंबरीकार पोचले मुलाचा हात धरून. वाटलं होतं त्याहून खूप म्हातारे, खूप हलके. ह्यांनी वाकून नमस्कार केला. त्यांना पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. लेकीने पंखे बंद केले.

हे उभे राहिले. ठेवणीतला सदरा. तीन आठवडे साठवलेला आवाज.

पहिली ओळ फुटलीच नाही. नुसती हवा. ह्यांनी घोटभर पाणी घेतलं, डोळे मिटले, आणि मग सुरू केलं. आवाज कसा होता ते मला लिहिता येणार नाही. चांगला नव्हता. जागोजागी फाटत होता. पण एकेका शब्दाला हात लावून पुढे जावं तसं वाचत होते. कुणी खोकलं नाही. दाराबाहेरच्यांनीही नाही. पान उलटलं तरी वाचत राहिले. दुसरं पान! नियम ह्यांचाच, मोडलाही ह्यांनीच. कादंबरीकार ह्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते, मान हलवत होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी ऐकलं. सगळं ऐकलं. थर्मासचं झाकण हातात तसंच.

कार्यक्रम संपल्यावर कादंबरीकारांना चहा द्यायला गेले. म्हटलं, कसं वाटलं ह्यांचं वाचन? त्यांनी कानाला हात लावला. मुलगा ओशाळून म्हणाला, माइकने कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं, म्हणून बाबांनी सुरुवातीलाच काढून खिशात ठेवलं.

कादंबरीकारांना माझा प्रश्न मुलाने कानात ओरडून सांगितला. ते म्हणाले, "वहिनी, ऐकू एक अक्षर नाही आलं. पण माझ्या पुस्तकासाठी कुणी एवढे कष्ट घेताना मी कधी पाहिलं नव्हतं."

मी कपबशी धरून उभी राहिले. रक्त, पाटी, हुकवलेला ऑपरेशनचा बुधवार, सगळं ज्याच्यासाठी, त्याला ऐकूच आलं नाही! कुणावर चिडू? म्हाताऱ्यावर? त्याने तर रडून दाखवलं.

३० मार्च, रविवार

ह्यांनी पाटीवर विचारलं: "काय म्हणाले?"

मी म्हटलं, म्हणाले, शब्दन् शब्द पोचला.

ह्यांनी पाटी छातीशी धरली. लेकीने माझ्याकडे पाहिलं. तिला खरं माहीत होतं, काल ती तिथेच उभी होती. मग तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि दवाखान्याचं सामान भरायला लागली. गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा आम्ही दोघी एका बाजूला.

१ एप्रिल, मंगळवार

दाखल केलं. गुरुवारी सकाळी ऑपरेशन. त्याआधी रक्त, छाती, कसकसले फोटो. ह्यांना चाकांच्या खुर्चीतून सगळ्या मजल्यांवर फिरवून आणलं.

२ एप्रिल, बुधवार

दुपारी लेक जेवायला गेली. खोलीत आम्ही दोघंच. मी म्हटलं, अहो, आता शनिवार संपले. कुणासाठी राखून ठेवायचा नाही. जो काही उरलाय तो माझा.

पुस्तक आणायचं सुचलं नव्हतं. पुस्तकाच्या दुकानातली माणसं, आणि जवळ एक पुस्तक नाही! उशाशी दवाखान्याचा सूचनांचा कागद होता. तोच दिला. ह्यांनी चष्मा लावला, पाठ ताठ केली. मी उठून पंखा बंद केला.

"रुग्णाने मध्यरात्रीनंतर काहीही खाऊ-पिऊ नये," ह्यांनी सुरुवात केली. "अंगावरील दागिने नातेवाइकांकडे द्यावेत. कृत्रिम दात असल्यास काढून ठेवावेत."

हळू, दमाने, एखाद्या मोठ्या कादंबरीची सुरुवात असावी तसं. भेटीच्या वेळा वाचल्या. कॅन्टीन कुठल्या मजल्यावर ते वाचलं. मी पलंगाच्या कडेला बसून ऐकलं. शेवटी दवाखान्याचा फोन नंबर, एकेक आकडा सावकाश. मी टाळ्या वाजवल्या. नर्स डोकावून गेली.

मग ह्यांनी विचारलं, "मीठ कमी आहे, असं मी उगाच म्हणायचो. तुला राग यायचा?"

म्हटलं, यायचा. पण म्हणत जा.

उद्यापासून कसं म्हणणार ते दोघांनाही आठवलं. हात धरून बसलो.

३ एप्रिल, गुरुवार

ऑपरेशन होणार नाही. फुप्फुसांत पसरलंय, दोन्ही. यकृतातही. आता गळा कापून उपयोग नाही, डॉक्टर म्हणाले. लेकीने विचारलं, थांबलो म्हणून? सांगता येत नाही, म्हणाले, आधीपासूनही असेल.

मला दुसरं काही सुचेना. मी विचारलं, मग आवाज?

"आवाज राहील," डॉक्टर म्हणाले. "आता जपायला सांगू नका. बोलू द्या त्यांना."