जैसलमेर, मार्गे सरकीचा ढीग

दिग्रस, डिसेंबर २००६

आदरणीय शंकरसिंगदादा यांस,

दिग्रसच्या अनंताचा नमस्कार. सरहद्दीवर तुमची तब्येत ठणठणीत असेल अन् तिकडच्या थंडीनं वहिनीची कंबर धरली नसेल, असं धरून चालतो. इकडे आम्ही बरे आहोत. म्हणजे मी बरा आहे. अवधूतचं सांगतो.

दिवाळीत सुट्टीवर आलते तेव्हा तुम्ही म्हणालते, पोरंहो, एकदा या, जैसलमेर ते बिकानेर वाळवंट पायी तुडवू. (आम्ही पन्नाशीचे झालो, पण तुमच्या कबड्डी संघातले पोरंच.) अवधूत ‘येतो’ म्हणाला. दादा, त्याच्या जिनिंग कारखान्याले कुलूप लागल्यापासून ह्या माणसाच्या तोंडून निघालेला तो एकच धड शब्द. जन्मभर कापसात हात घालून प्रत सांगितली, अन् आता खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला तो पडलाच. बेबीवहिनी माझ्याकडे येऊन रडते. (आपल्या जिल्ह्यात कापूसवाले कसे जीव देऊन राह्यले ते तुम्ही पेपरात वाचताच. भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाचं आम्हाले लय भेव वाटते.) म्हणून तो एक शब्द मी धरून ठेवला अन् काठी, टोपी, पाण्याची कॅन घेऊन त्याच्या दारात उभा राह्यलो.

वाळूत पाय कसा रुतते, ह्याचा सराव पाहिजे होता. दिग्रसात वाळू कुठून आणावी? तर जिनिंगच्या आवारात मागच्या साली कोणी न उचललेला सरकीचा ढीग पडून आहे, अन् चौकीदार उकंडा ओळखीचा. मी ऐटीत चढलो अन् कमरेपर्यंत आत गेलो. दोघांनी बखोटे धरून ओढलं तेव्हा मी निघालो, माझा एक बूट नाही निघाला. (उद्या ही सरकी खाऊन कोणाची म्हैस दूध देईना झाली तर कारण मले माहीत आहे.) अवधूत हसला नाही. पण घराशी आल्यावर म्हणाला, ‘उद्या कवा?’

परवा मग लांबचा पल्ला. डोक्याले पांढरे दुपट्टे, पाठीवर पिशव्या, गळ्यात पोरीची दुर्बीण, असे आर्णीच्या रस्त्यानं निघालो. पाणी वाळवंटासारखं घोटाघोटानं प्यायचं ठरलं होतं. पण आपल्याकडे चहा पाजल्याशिवाय माणसाले दारापुढून जाऊ देत नाहीत. त्यात यंदा पिशवीवाले अनोळखी माणसं म्हणजे चौकशीले आलेली सरकारी समितीच, दिल्लीची नाही तर मुंबईची. आम्ही नाही नाही म्हणेस्तोवर वाटेतल्या एका गावात पारावर सतरंजी पडली, अन् हंसाबाई नावाची म्हातारी टोपलंभर कापूस घेऊन आली. म्हणे, साहेब, लिहून घ्या, असा कापूस अन् असा भाव. मी दुर्बीण पिशवीत कोंबली. लाज वाटली दादा, खरंच लाज वाटली. पण अवधूतनं सवयीनं टोपल्यात हात घातला, चिमटीत धागा ओढला, म्हणे, ‘बाई, हा पहिल्या वेच्याचा, उंची माल. बाकीच्यात मिसळू नका.’ मग दुसरं टोपलं आलं, तिसरं आलं, अख्खं गाव आलं. दिवस मावळेपर्यंत हा माणूस बोलून राह्यला, भांडून राह्यला. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणाऱ्या एका बुढ्याले तर असा झापला! भाव काही कोणाचा वाढला नाही, ते आमच्या हातात नाही. पण वापस येताना हा पुढं अन् मी मागं. मी रडलो दादा. पाय दुखून राह्यले म्हणून सांगितलं त्याले.

तर तयारी अशी जोरात आहे. वाळूसाठी मोजे जाड लागतात की पातळ, ते कळवा. वहिनीले नमस्कार.

तुमचा,
अनंत

ता. क. : खरं काम आता लिहितो. आम्हाले यायचंच नाही. माझे गुडघे रोज कामाले जातो त्या कोर्टाचा जिना चढतानाच बोंबलतात. तुम्ही फक्त अवधूतले एक सणसणीत पत्र धाडा, आपल्या संघाचे कप्तान म्हणून : रोज गावोगाव हिंडल्याशिवाय वाळवंटात पाय ठेवू देणार नाही, अन् मुहूर्त पुढल्या हिवाळ्यात. पुढल्या हिवाळ्यात त्याच्या पुढला. तुमचं तो ऐकते.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवत होतो तर अवधूत आला. संक्रांतीनंतरची दोघांची तिकिटं काढून आला! बेबीवहिनी गल्लीत पेढे वाटून राह्यली. वर माझं तोंड पाहून अवधूत मलेच विचारते, ‘काहून बे, वाळूले भ्यायला का?’ वरच्या विनंतीवर काट मारा दादा, अन् स्टेशनवर या. येताना एक उंट आणा. अवधूतले म्हणा, सामानासाठी आहे.