साक्षीदार जिवंत पाहिजे

१८ फेब्रुवारी

हरले. रईसानं 'बावर्चीखाना' लावला आणि वर माझ्याकडं बघून चष्मा पुसला. चहा मला करावा लागला. हरणाऱ्यानं चहा करायचा, असं ठरलेलंच आहे.

ही रईसा खालच्या मजल्यावरची. मी एसटीच्या आगारातून निवृत्त झाले, तिची सून नोकरीला लागली, तेव्हापासून आमच्या दुपारी रिकाम्या. तिच्या मुलाचं, बासितचं, शहागंजला फोटो फ्रेमचं दुकान आहे. उरलेल्या अॅक्रिलिकचे चौकोन कापून त्यानं शब्द जुळवायच्या खेळाची अक्षरं करून दिली. नुसती व्यंजनं. काना-मात्रा तोंडी. बाहेरच्या माणसाला आमचा पट वाचता येणार नाही, ते बरंच आहे.

शब्दकोश चालत नाही. तिच्या घरी उर्दू, माझ्या घरी गंगापूरकडची मराठी — कुठला कोश धरणार? ज्याच्या घरात शब्द बोलला जातो, त्याचा शब्द खरा. समोरच्याला शंका आली तर साक्षीदाराला फोन लावायचा. साक्षीदार जिवंत पाहिजे आणि घरातलाच पाहिजे. बस्स.

१९ फेब्रुवारी

जिंकले. तिच्या चहात साखर फार.

२२ फेब्रुवारी

विरंगुळा म्हणून ठीक आहे, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे सकाळी मेथी निवडतानाही डोक्यात अक्षरं जुळत असतात. पिशवीत हात घालायचा, खुळखुळ ऐकायची, काहीतरी निरुपयोगी हाताला लागतं — आणि तेवढ्यात त्यातूनच शब्द दिसतो. आगारात इतकी वर्षं खिडकीमागं बसले, असं कधी झालं नाही. तिथं सगळे शब्द गावांची नावं होती.

२४ फेब्रुवारी

भांडण झालं. मी 'चिमकोर' लावला. च, म, क, र — आणि र आधीच्या शब्दाला चिकटलेला, म्हणजे गुण दुप्पट. बाजी माझीच होती.

"ये क्या होता है?"

सांगितलं. भाकरी थापून झाल्या की काठवटीतलं उरलेलं पीठ खरवडून आई तळहाताएवढी एक थापायची. ती चिमकोर. मला आणि आप्पाला अर्धी-अर्धी. तो लहान, म्हणून त्याची अर्धी नेहमी मोठी.

"मी नाय मानत. गवाह लावा, द्वारकाबाई."

साक्षीदार म्हणजे आप्पा. माझा भाऊ, आप्पासाहेब. दुसरं कोण उरलंय? आई गेल्यापासून मी त्याच्याशी बोलत नाही. सकाळपासून आईला घरघर लागली होती, ह्यानं फोन केला दुपारी — सगळं संपल्यावर. गंगापूर काय विलायतेत आहे? जीपनं तासाभराची वाट. मी पोचले तेव्हा तोंड झाकलेलं होतं. "उशीर झाला आक्के," एवढंच म्हणाला. का, ते मीही विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

तर फोन लावणार नाही, असं मी रईसाला सांगितलं. "मग हार माना."

तेही करणार नाही. शब्द खरा आहे.

२५ फेब्रुवारी

पट तसाच आहे. निकाल लागल्याशिवाय मोडायचा नाही, हाही नियम. रईसानं वरून जुनी ओढणी टाकली आहे. मयतावर टाकतात तशी दिसते.

२७ फेब्रुवारी

करमाडला कडुबाला फोन केला. मावशीचा मुलगा, आमच्या घरी वाढलेला नाही पण सुट्टीत यायचा.

"नाय बा, आपुन नाय ऐकला. आप्पाला इचार ना."

सगळं जग मला आप्पाकडंच ढकलतंय.

२ मार्च

रोजे सुरू झाले. रईसा म्हणते, रोज्यात दुपार सरत नाही, खेळ पाहिजे. मी म्हटलं, मोड मग पट. म्हणाली, हार मान. दोघी ओढणीच्या दोन बाजूंना बसून राहिलो. तिनं जपाची तसबीह काढली, मी वर्तमानपत्र. इतकी कंटाळवाणी दुपार आगारातही गेली नव्हती.

५ मार्च

रईसा जिना चढून आली, दम लागलेला.

"मीच लावला फोन."

तिच्याकडं आप्पाचा नंबर आहे, हे मी विसरले होते. एकटीनं राहायचं तर कुणाचा तरी नंबर शेजारी देऊन ठेवावा लागतो. मी त्याचाच दिला होता. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा द्यायला नव्हता, हे लिहायला हरकत नाही. इथं कोण वाचतंय.

"तुमचे भाऊ म्हणतात, असला शब्द आमच्या घरात नव्हताच. बाजी मेरी!"

आणि ओढणी ओढून अक्षरं गोळा करायला निघाली. मी तिचा हात धरला. थांब म्हटलं. एक शब्द हलवायचा नाही.

खोटारडा! अर्धी चिमकोर रोज गिळली आणि आता म्हणतो नव्हताच.

६ मार्च

लावला. मीच. रईसासमोर, स्पीकरवर. हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"खोटं का बोललास?"

आप्पा म्हणाला, "आक्के, जेवलीस का?"

"शब्द होता का नव्हता, ते बोल."

"व्हता की. लई व्हता."

"मग?"

"खरं बोललो असतो तर तू जितली असतीस आन् गप बसली असतीस. तुला चूक म्हन्लं तरच तू भांडायला येतीस. मला ठावं हाय ना."

रईसानं तोंडाला पदर लावला. हसत होती की काय, बघितलं नाही. आप्पाला म्हटलं, रविवारी ये, समोर येऊन साक्ष दे. फोनवरची साक्ष मला आता चालत नाही.

गुण रईसानं लिहून दिले. दुप्पट.

७ मार्च

खेळलो नाही. मीच नको म्हटलं. आप्पाला पिठलं आवडतं, बेसन आणलं.

९ मार्च

आप्पा येऊन गेला. केस सगळे पांढरे. मी भाकरी थापताना स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि मी न विचारता बोलला. त्या दिवशी आई सकाळपासून चिमकोर मागत होती. त्याच्या बायकोला कळेना, बाई काय मागतेय. कळलं ते ह्याला एकट्याला. मग हाच चुलीपुढं बसला. थापायचा, मोडायची, थापायचा, मोडायची. एवढी एक जमली की आक्काला फोन लावतो, असं म्हणत राहिला. जमली, घेऊन आत गेला, तर आई गेली होती.

काठवटीत पीठ उरलं होतं. त्याची एक थापली. मोठी अर्धी त्याला दिली.