दांडी न दाबणारा उंदीर

आई, आज मी एका उंदराला आळशी म्हटलं. तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी अमरावतीच्या कॉलेजात मला उंदरांच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. इथे उंदराने दांडी दाबली की गोड दुधाचा थेंब मिळतो, आणि पुढे पुढे एका थेंबासाठी जास्त वेळा दाबावं लागतं. काही उंदरांच्या मेंदूत स्मृतिभ्रंशातलं एक प्रथिन वाढलेलं आहे. त्यांना दांडी दाबायला शिकायलाच वेळ लागतो, आणि शिकले तरी लवकर सोडून देऊन कोपऱ्यात बसतात. अशाच एकापुढे मी वहीत ‘आळशी’ लिहिलं. प्रयोगशाळेच्या मॅडमनी ते खोडलं. “दूध तोंडाशी नेऊन पाहा बरं त्याच्या.” नेलं, तर गडी चाटूनपुसून प्यायला. “पाह्यलं? आवड गेली नाही त्याची. उठून मिळवायची उमेद गेली.”

मला एकदम अकोल्याचं आपलं स्वयंपाकघर दिसलं. तेव्हा तुझ्या स्मृतिभ्रंशाचं निदान व्हायचं होतं. नव्या शेगडीचं बटण मी तुला दहादा शिकवलं आणि दहादा चिडले. सगळ्या गल्लीला पाटोडी खाऊ घालणारी तू, दिवसदिवस पाटावर बसून राहायचीस. पण वाढलं की बोटं चाटत जेवायचीस, आणि तेवढ्यावरून मी ठरवलं की हिची सगळी नाटकं आहेत.

त्या दुपारी तू पाटावर बसली आहेस, पुढे मी वाढलेलं ताट आहे. “आयतं खायले बरं जमते तुले! आज सोता वाढून घे,” म्हणत मी ते ताट उचलते. जेवणाऱ्यापुढचं ताट उचलू नये, हे तूच मला शिकवलेलं. तू म्हणतेस, “उठावंसंच नाई वाटून राह्यलं वं मले. काहून, ते मलेच समजत नाई.” मी पातेलं तुझ्या हाताशी ठेवून कामावर निघून गेले. संध्याकाळी दादा घरी आला तेव्हा ते तसंच भरलेलं होतं.

आज त्या उंदराला मी नियम मोडून आणखी दोन थेंब पाजले आणि नंतर स्वतःचीच लाज वाटली. हे पत्र तुझ्या फोटोपुढे वाचायचं ठरवलं होतं, पण धीर होत नाही, वहीतच ठेवते. त्या दिवशी तुला भूक नव्हती, असं मी दादाला आजवर सांगत आले. ते खोटं आहे, आई. मी ताट उचललं तेव्हा तुझा हात ताटाच्या मागोमाग पुढे आला होता, आणि तो मी पाहिला होता.