चोवीस दिशांची आग

प्रिय बाबा,

तुमच्यावर माझा संशय आहे. समोर असता तर चहाच्या वेळी विचारलं असतं, आणि तुम्ही "आधी बिस्किटं आण" म्हणून विषय उडवून लावला असता. आता तुम्हाला तो उडवता येणार नाही, म्हणून लिहितेय.

तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि कॉलेजच्या ग्रंथालयानं तुमची पुस्तकं मागितली. ती लावायला म्हणून मी खोकं उघडलं. सगळ्यात वर हिरव्या पुठ्ठ्याची वही होती. बाकी सगळ्या वह्या तुम्ही जाण्याआधी स्वतःच्या हातानं रद्दीत घातल्या होत्या ना? मग ही एकच कशी राहिली? तिथूनच माझं डोकं फिरायला लागलं.

आई म्हणाली, गेलेल्या माणसाची झडती घेतात का गं? मी म्हटलं, त्यांनीच शिकवलंय. आठवतं? मी पहिलं गणित सोडवून धावत आले तेव्हा शाबासकी द्यायची सोडून तुम्ही म्हणालात, "मिनू, उत्तर गोड दिसून राहिलं ना, मग आधी त्याच्यावरच वहीम घे." आज मी तोच विषय शिकवते, आणि पोरांना हेच वाक्य तुमच्या नावानं सांगते.

वहीत जीनच्या आवाराचा नकाशा आहे. नेरकडचा तो सरकी काढायचा कारखाना, जिथं कापसाच्या दोन गंज्या जळाल्या. मी तेव्हा दहावीत होते. काय वर्षं होती ती! भाव पडलेला, कापूस आवारात पडून, आणि साऱ्या जिल्ह्यात कोणाचा कोणावर भरवसा म्हणून नाही. बियाणं खोटं, फवारणीचं औषध खोटं, काटा खोटा, माणसं तर त्याहून खोटी. अशा दिवसांत आग लागली की कशी लागली असं कोणी विचारत नाही, कोणी लावली तेवढंच विचारतात.

पहिली गंजी जीनमधून उडालेल्या ठिणगीनं पेटली, याबद्दल वाद नव्हता. वाद दुसरीचा होता. ती बारा पावलांवर होती आणि वारा उलट्या अंगाचा होता, त्यामुळे तिच्यावर ठिणगी जाणं शक्य नव्हतं. म्हणजे एक तर पहिल्या आगीच्या नुसत्या धगीनं ती पेटली, नाही तर कुणी हातानं काडी लावली. त्या वेळी आवारात एकटा चौकीदार होता, तांड्यावरचा हरसिंग. धग बारा पावलं पोचते की नाही, हे सांगू शकणारा माणूस जिल्ह्यात एकच होता. धगीच्या गणितावर प्रबंध लिहिणारे तुम्ही.

तुम्ही दीड पानाचं मत दिलंत. नुसत्या धगीनं दुसरी गंजी पेटू शकत नाही. संपला विषय. हरसिंगला पोलिसांनी नेलं आणि मी वर्गात मिरवलं, की माझ्या बाबांनी गणितानं आग लावणारा पकडला. त्या मिरवण्याची आज शरम वाटते.

परवा तुमचा तो प्रोग्राम वहीतून उतरवून घेतला आणि माझ्या लॅपटॉपवर चालवला. धग उजेडासारखी सरळ जाते, आणि आगीतून ती अगणित दिशांना सुटते. अगणित दिशा कॉम्प्युटरला झेपत नाहीत, म्हणून आपण ठरावीक दिशा निवडतो, आवाराचे लहान लहान चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनात किती धग पोचली ते काढतो. धूर मधेच थोडी गिळतो, थोडी परत टाकतो, तेही धरतो. तुम्ही दिशा धरल्या होत्या चोवीस.

चोवीस! झारीची निम्मी भोकं बुजली की वाफ्यात मधे मधे कोरडं राहतं, तसं झालं. धग चोवीस वाटांनी गेली आणि दोन वाटांच्या मधली जागा कागदावर थंडगार राहिली. दुसरी गंजी नेमकी तिथं होती.

तुम्ही छापलेला नकाशा वहीतच चिकटवलेला आहे. त्यात आगीभोवतीची धग चांदणीसारखी दिसते, टोकं टोकं निघालेली. बाबा, आग कधी चांदणीच्या आकाराची असते का? माझ्या दुसऱ्या वर्षाच्या पोरानं असा नकाशा आणला तर मी तो त्याच्या अंगावर फेकीन. तुम्हाला दिसलं नाही, यावर विश्वास कसा ठेवू?

तरी मी तुमची बाजू घेतली. भारनियमन होतं, कॉलेजातल्या त्या मशीनला एकेका हिशेबाला तासन्‌तास लागायचे, मधेच वीज गेली की पहिल्यापासून सुरुवात. चौकशीवाल्यांना दोन दिवसांत कागद हवा होता. माणूस घाईत चुकतो. मी आईला हेच सांगितलं, आणि तिला बरं वाटलं.

मग मी पान उलटलं. पुढं पेन्सिलीनं लिहिलेला नवा हिशेब आहे. ऐंशी दिशा. दुसऱ्या गंजीच्या अंगावर पोचणारी धग दुपटीहून जास्त, कापूस पेटायला पुरून उरेल एवढी. खाली तुम्ही दोन रेघा ओढल्यात. मी दोनशे अठ्ठ्याऐंशी दिशा धरून पाहिलं, तर तुमचा ऐंशीचा आकडा जवळजवळ तसाच टिकला. म्हणजे तुम्हाला खरं उत्तर सापडलं होतं.

कधी सापडलं? तारीख नाही. तुम्ही तारखा टाकत नव्हता, हे मला आताशा सोयीचं वाटायला लागलंय. पण त्याच पानाच्या कोपऱ्यात तुमच्याच अक्षरात आहे, "मिनूचं हॉल तिकीट आणणे." माझ्या दहावीच्या आधीचं, बाबा! मत देऊन महिनासुद्धा झाला नव्हता. हरसिंगची केस उभीही राहिली नव्हती. आणि तुमच्या पीएचडीची तोंडी परीक्षा त्या उन्हाळ्यात होती. प्रबंधात हाच प्रोग्राम होता आणि याच चोवीस दिशा होत्या. आपल्या दारावर 'डॉ.' लिहिलेली पाटी लागली त्या दिवशी तुम्ही पेढे वाटले, मला दोन जास्त दिले. तेव्हा तुम्हाला हे पान आठवत होतं का?

एवढ्यावर थांबले असते तर संशय संशयच राहिला असता. मी एसटीनं नेरला गेले आणि तिथून तांड्यावर. हरसिंग आता म्हातारे झालेत. कोर्टानं त्यांना सोडलं, पण पुरावा नाही म्हणून सोडलं. कोणत्याही जीनवर पुन्हा काम मिळालं नाही. बाजारात अजून त्यांना आगलाव्या म्हणतात, आणि आसपास कुणाच्या कडब्यानं पेट घेतला तर लोक पहिल्यांदा त्यांच्या दारात येतात. हे त्यांनी मला हवापाण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं.

मी तुमचं नाव सांगितलं आणि वही उघडायला लागले. ते म्हणाले, राहू द्या.

"तुमचे बाबा आल्ते. अठीच, या खाटीवर बसले. मले म्हणे, हरसिंग, तू आग लावली नाही. मी म्हणलो, सर, थे तं मले मालूमच हाय. मले कायले सांगता? लोकाइले सांगा."

मी विचारलं, मग?

"मंग काय. हो म्हणले, चाय पेले, अन्‌ गेले."

बाबा, निर्दोष माणसाला तू निर्दोष आहेस एवढं सांगायला तुम्ही तिथवर गेलात? त्या घरचा चहा तुमच्या घशाखाली उतरला कसा? मला तुमचा इतका राग आलाय, आणि तो काढायला तुम्ही समोर नाही. तुम्ही मला सायकल शिकवलीत, लॉगॅरिदम शिकवलं, तापात रात्र रात्र उशाशी बसलात, ते सगळं खरंच आहे. हेही खरं आहे. दोन्ही एका माणसात कसं बसवायचं, ते मात्र शिकवलं नाहीत.

आणि माझा शेवटचा संशय सांगू? ती वही चुकून राहिलेली नाही. सगळ्यात वर ठेवली होती. जे तुम्हाला झालं नाही ते तुम्ही माझ्यावर ढकलून गेलात. विचारलं असतंत तर तुम्ही असतानाच मी तुमच्यासोबत नेरला आले असते.

निघताना मी हरसिंगना म्हटलं, मी सगळं नीट लिहून देते. ते हसले. म्हणाले, "लिहू नका. लोकाइपुढं वाचा. लिहून तं सरायनंबी ठेवलं होतं."

तर ऐका. येत्या बाजाराच्या दिवशी मी नेरला कापूस मार्केटच्या फाटकापाशी उभी राहणार आहे. धग कशी जाते, चोवीस दिशांत काय हुकलं आणि ज्या आधारावर या माणसाला धरलं तो आधारच कसा खोटा होता, हे बाजारकऱ्यांना कळेल अशा शब्दांत मोठ्यानं वाचणार आहे. चूक कुणाची हे सांगताना तुमचं नाव घेईन, पूर्ण घेईन. आणि चूक तुम्हाला महिन्याभरात कळली होती, हेही गाळणार नाही. शेवटपर्यंत वाचीन, हा माझा शब्द. हरसिंग शेजारी उभा राहतो म्हणालेत. त्यांच्या शेजारी तुम्ही असायला हवं होतं, बाबा.

तुमचीच,
मिनू