कुंकवाखालचा दिवा

देवास, शनिवार, संध्याकाळ

उद्या मांडूला तंबूत मुक्काम, आणि नाकाला श्वासाचं मशीन लावल्याशिवाय बाबांना झोप नाही. म्हणून ही स्वस्तातली बॅटरी आणली. दुकानदार म्हणाला, "भिया, रातभर चलेगी." चलेगी? संपत आली की तिचा हिरवा दिवा लाल होतो, तेवढाच काय तो भरवसा. आईने नव्या वस्तूची पूजा केली आणि कुंकू नेमकं त्या दिव्यावरच लावलं. मी पुसायला गेलो, तर तिने हात धरला. "राहू दे. दिवा दिसला तर हे रात्रभर तोच बघत पडतील."

दुपारी बाबा त्या बॅटरीवर मशीन लावून गाढ झोपले. मी शेजारी, त्या कुंकवाकडे बघत.

मघाशी आईने हळूच विचारलं, "संपायच्या आधी आवाज करते का रे ती?"

करत नाही. मी हो म्हणालो.