मागणाऱ्याला गाव विचारू नये

प्रिय ऋषी,

तात्या रविवारी तुझ्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला येणार नाहीत. आईनं तुला गुडघ्याचं कारण सांगितलंय, ते खोटं आहे. गुडघे ठणठणीत आहेत. पायाला फोड आले होते, तेही सुकत आलेत. न येण्याचं कारण तू आहेस. फोन केला तर 'ताई, मीटिंगमध्ये आहे' म्हणशील, मेसेज केला तर अंगठा दाखवून मोकळा होशील, म्हणून तुझ्या दाजींच्या हाती हे पत्र बारामतीला पाठवतेय. त्यांना चहा दे, पण पत्र एकट्यानं वाच. मी भयंकर चिडलेय आणि ते लपवायचा माझा अजिबात विचार नाही.

गेल्या पावसाळ्यात बारामतीच्या स्टँडवर तुला एकानं गंडवलं, तिथून हे सगळं सुरू झालं. पाकीट मारलं, बायको आजारी, गाव लांब विदर्भात. तू पैसे दिलेस. आठवड्यानं तोच माणूस तिथंच दुसरी बायको घेऊन उभा. ऑफिसात तुझं हसं झालं, ते तुला लागलं, एवढं मला कळतं. पण तू काय केलंस? गावच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन तू, तिथं दीडशहाण्यासारखा फतवा काढलास. स्टँडवर कुणी भाड्याला पैसे मागितले तर आधी गाव विचारा, पाहुणे विचारा. खरा माणूस पटकन सांगतो. आढेवेढे घेईल तो चोर, त्याचा फोटो काढून टाका. ते सगळ्या तालुक्यात फिरलं. इकडं सोमेश्वरनगरला आमच्या शाळेतसुद्धा आलं, आणि माझ्या भावानं लिहिलंय म्हणून मी चार बायकांत मिरवलं.

मी काही मोठी दानशूर नाही. हंगामात इथं कारखान्याच्या वाटेवर रोज कुणी ना कुणी दारात येतं. कुणाला देते, कुणाला नाही म्हणते, आणि नाही म्हटलं म्हणून माझी झोप उडत नाही. घामाचा पैसा आहे, द्यायचा की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. तू जन्मात कुणाला छदाम दिला नसतास तरी मी हे पत्र लिहिलं नसतं. पण न देणं वेगळं, आणि माणसाला चारचौघांत उभं करून त्याची झडती घेणं वेगळं. हा फरक तुला कुणी शिकवला नाही असं म्हणायची सोय नाही, आपण एकाच घरात वाढलो.

तात्या चिकटच आहेत. पावशेर वांग्यांसाठी बाजारात बाईला रडकुंडीला आणतात. तुझ्या कॉलेजच्या बुटांसाठी किती दिवस लटकवलं होतं, आठवतंय का? पण दारात मागायला आलेल्याची गोष्ट निराळी. आपण लहान असताना एकजण आला होता, ट्रकचं डिझेल संपलं म्हणत. आईनं चहा देता देता विचारलं, कुठलं गाव, पावणं कोण तुमचं. तात्यांनी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. तो गेल्यावर म्हणाले, "मागणाऱ्याला गाव इचारू नये. एकदा सांगितलं की त्याची मान जन्माची खाली." संध्याकाळी तो माणूस पिऊन पडलेला सापडला. आईनं तात्यांचा असा उद्धार केला की शेजारपाजारचे बाहेर आले. तात्या एवढंच म्हणाले, "फसलो तर मी फसलो. खरा असता आन मोकळा गेला असता, मंग?" तू हसला होतास. मीही हसले होते.

आता फोन काढ आणि तो फोटो उघड. मागच्या मंगळवारी तू ग्रुपवर पुढं ढकललेला, इंदापूर स्टँडवरचा. म्हातारा माणूस, तोंडावर मफलर ओढलेला, हातात वायरची पिशवी, भोवती पोरांचं कोंडाळं. खाली तू लिहिलंयस, 'आणखी एक नमुना. गाव विचारलं की तोंड लपवतात. शेअर करा.' त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग. नीट बघ, घाई करू नकोस. तो चॉकलेटी मफलर दिवाळीत तूच आणलास. ती पिशवी आईनं विणलेली आहे, दहावीपर्यंत तू तिच्यातून डबा नेलास.

तात्या त्या दिवशी इंदापूरच्या कचेरीत सातबारा उताऱ्याच्या कामाला गेले होते. परत येताना बसमध्ये चढायच्या गर्दीत पाकीट आणि फोन दोन्ही गेलं. नंबर एकाचाही पाठ नाही. तुझी सासुरवाडी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर, पण व्याह्याच्या दारात हात पसरायला तात्या मेले तरी जाणार नाहीत. म्हणून एका अनोळखी माणसाकडं पैसे मागितले, तेही अर्ध्या तिकिटापुरते. त्यानं फोन काढून तुझा फतवा मोठ्यानं वाचून दाखवला. सांगा म्हातारबा, गाव कुठलं, पाहुणे कोण. तात्यांनी नाही सांगितलं. अंथुर्ण्याचे हिंदुराव स्टँडवर भीक मागतात हे गावात होईल, तुझ्या सासऱ्यांच्या कानावर जाईल, म्हणून नाही सांगितलं. अरे, चोराला दहा गावांचे पाहुणे तोंडपाठ असतात. गाव लपवतो तो ज्याला गावात तोंड दाखवायचं असतं तो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, आणि दोर तू वळलास.

मग ते चालत निघाले. निमगाव केतकीच्या पुढं चप्पल तुटली तरी चालतच होते. आपल्या गावचा लखन रिकामी ट्रॉली घेऊन येत होता, त्याला ते रस्त्याकडेला बसलेले दिसले. त्यानं घरी आणून सोडलं. आईला म्हणाले, बस चुकली, दुसरं काही नाही.

दोन दिवसांनी डेअरीत दूध घालायला गेले, तर पोरं एका फोनवर वाकून हसत होती. पोरांनी त्यांनाही तो फोटो दाखवला. ओळखलं कुणीच नव्हतं. तात्यांनी पाहिला, खाली कुणी लिहिलंय ते विचारलं, आणि दूध न घालताच किटली घेऊन घरी आले. तेव्हा कुठं आईला सगळं सांगितलं. आई रडत रडत तुला शिव्या द्यायला लागली, तर तिलाच म्हणाले, "ऋषीनं काय वंगाळ केलं? त्याला काय सपान पडलं हुतं? गाव सांगितलं न्हाय, मंजी चोरच की." आणि वास्तुशांतीचं विचारलं तर म्हणाले, "तितं त्याचं सायेब येत्याल, ग्रुपमधली पोरं येत्याल. कुणी वळखलं तर पोराची मान खाली जाईल." मफलर पेटीत घालून ठेवलाय. पहाटेच्या गारठ्यात उघड्या कानांनी धारा काढतात. आईनं काल हे सांगितल्यापासून मला तुझा इतका राग येतोय की समोर असतास तर थोबाडीत दिली असती. तू तात्यांना ओळखलं नाहीस याचा तर आहेच, पण ते दुसऱ्या कुणाचे तात्या असते तरी तू तसंच लिहिलं असतंस, याचा जास्त आहे.

म्हणून हे पत्र. माफी मागायला फोन करू नकोस, ते 'त्यात काय' म्हणतील आणि आणखी मिटतील. फोटो गुपचूप काढूनही टाकू नकोस, इतक्या स्वस्तात सुटका नाही. त्याच ग्रुपवर, त्याच फोटोखाली, ती तोंडं हसतायत तिथंच लिही. गाव विचारलं होतं ना, पाहुणे विचारले होते ना, तात्यांनी सांगितलं नाही, तू सांग. गाव अंथुर्णे. नाव हिंदुराव. पाहुणा मी, त्यांचा मुलगा. एवढं लिहिलंस तर रविवारी सकाळी गाडी घेऊन ये, पेटीतला मफलर स्वतःच्या हातानं त्यांच्या गळ्यात घाल आणि त्यांना घेऊन जा. नाही जमलं तर मीसुद्धा येणार नाही. कुणी विचारलं, ताई कुठं दिसत नाही, तर सांग, तिचाही गुडघा दुखतोय.

तुझीच ताई,
राजलक्ष्मी